दहाच्या खालचं

पडेलच्या सड्यावर, चिऱ्याच्या खाणीला लागून
एक वजनकाटा आहे.
दिवसभर त्यावर लाल ट्रक चढतात, लाल ट्रक उतरतात.
आज त्यांच्या रांगेत आमचं घर उभं होतं:
जुना टेम्पो, आत फणसाच्या फळ्यांचा पलंग,
खिडकीला शरयूनं शिवलेले पडदे, टपावर सोलर,
आणि डावीकडे कलल्याचा एक संशय,
जो हातखंब्यापासून आम्ही दोघंही
रस्त्याच्या माथी मारत आलो होतो.

काट्यावर घाडीबाई.
चष्मा कपाळावर, पुढ्यात सुपात वालाच्या शेंगा.
"आधी पुढची चाकां घाला."
मग मागची. मग सगळी.
मग नुसती डावी बाजू काट्यावर
आणि उजवी बाजू कडेच्या सिमेंटवर,
लग्नात अर्धंच बूड टेकून बसलेल्या पाहुण्यासारखी.
बेरीज माझी मीच केली,
चौतीस वर्षं मोजणी खात्यात काढली आहेत.
एकूण बेचाळीसशे साठ. पासिंग एकेचाळीसशेचं.
डावीकडे तेवीसशे.
"घर कलता हा," घाडीबाई म्हणाल्या.
"काय भरलास एवढा?"

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या जमिनीवर साखळी ओढली.
दोन भावांच्या मधल्या बांधावर उभं राहून
वीतभर इकडे, वीतभर तिकडे सांगितलं
आणि दोन्ही घरांतून चहा न घेता निघालो.
आज कुणी मला वीतभर सरकवायला सांगितलं
तर कानशिलं तापली.

एकेक काढून कातळावर मांडलं.
पाण्याची टाकी: डावीकडे.
बॅटरी: डावीकडे.
माझी मोजणीची साखळी, तिच्या लोखंडी पेटीसकट: डावीकडे.
शरयूचा पाटा, अर्थातच.
इतकं सगळं एकाच कुशीला कसं गेलं?
दार डावीकडे आहे.
माणूस ओझं दारातून आत आणतो
आणि हाताला येईल त्या पहिल्या जागी टेकवतो,
नंतर नीट लावू म्हणतो.

"पाटा राहील," शरयू म्हणाली.
"साखळी राहील," मी म्हणालो.
घाडीबाई शेंगा सोलत राहिल्या.

शेवटी साठ लिटर पाणी त्यांच्या कलमाला गेलं.
उतारावर चाकाला लावायला आणलेले दोन चिरे
खाणीत परत गेले
(रत्नागिरीहून चिरे घेऊन पडेलला येणारा
मी पहिलाच, असं एक ड्रायव्हर म्हणाला).
साखळी राहिली, पेटी घाडीबाईंना दिली.
पाटा उजवीकडे गेला. वरवंटा मात्र
शरयूनं हट्टानं डावीकडेच ठेवला.

पुन्हा काटा. एकेचाळीसशे.
"आता तुमी दोघां उतरा बघू."
उतरलो. एकोणचाळीसशे सत्तर.
म्हणजे एकशे तीस आम्ही दोघं मिळून,
त्या टाकीपेक्षा थोडंसंच जास्त.
"बरोब्बर एकशे तीस?" मी विचारलं.
"काटो दहा-दहान चढता," त्या म्हणाल्या.
"दहाच्या खालचा तो दाखवणा नाय."

शरयू तेव्हा दाराची कडी तपासत होती.
गेल्या वर्षात ती नऊ किलो उतरली.
दर महिन्याला दवाखान्याच्या चिठ्ठीवर
मी तो आकडा पाहिला,
घडी करून खिशात ठेवला.
इथे तो आला नसता.
मी चिठ्ठीचे वीस रुपये दिले,
सुटे नव्हते, तरी पन्नासची नोट
परत घेतली नाही.

वाड्याच्या उताराला गाडी सरळ लागली.
स्टीअरिंग हातात हलकं, समोर खाडीचं पाणी,
टाकीत उरलेलं पाणी वळणागणिक
एका बाजूला जातं, विचार करतं, परत येतं.
शरयूनं पाय वर घेऊन मांडी घातली.
"आता कसं वाटतंय?" तिनं विचारलं.
गाडीचं विचारत होती.

एका वळणावर मागे काहीतरी घरंगळलं.
दोघांनीही वळून पाहिलं नाही.
आवाजावरून वरवंटा नव्हता.